डोंगा चालवण्याची रीत

आमच्या घरी डोंगा आहे असं सांगितलं की वऱ्हाडातला माणूस आधी तोंडाकडे पाहतो आणि मग हळूच विचारतो, पाणी कुठं आहे? प्रश्न रास्त आहे. वर्षाचा बराच काळ आमची पूर्णा अशी असते की कोंबडीनं पाय न भिजवता ओलांडावी. पण पावसाळा अंगात आला की हीच नदी गढूळ होऊन, काठ कुरतडत, झाडं ओढून नेत वाहते आणि अल्याडचा माणूस अल्याड, पल्याडचा पल्याड राहतो. आमचं घर अल्याड आणि भाजीचं रान पल्याड. नदी दोन जिल्ह्यांची शीव होती, त्यामुळे आमची वांगी अकोला जिल्ह्यात पिकत आणि अमरावती जिल्ह्यात शिजत. नागपूरच्या सरकारला याचा पत्ता नव्हता, आणि आम्हीही तो लागू दिला नाही.

डोंगा माझ्या वडिलांनी करवून घेतला तो बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून. भोई लोकांचे डोंगे करणारा कारागीर लांब होता आणि आमचा सुतार गल्लीतला होता. त्यानं आयुष्यात नाव केली नव्हती. त्यानं एक लांबट गाडी केली, फक्त चाकं लावायची राहू दिली. पुढचं टोक कोणतं ठेवायचं यावर वडिलांचा आणि त्याचा वाद झाला. शेवटी त्यानं दोन्ही टोकं सारखी केली आणि म्हणाला, आता कोणतंही पुढं समजा. त्याच्या या तडजोडीमुळे आमच्या हातून डोंगा कधी वळला नाही. पल्याड गेलं की माणूस स्वतः वळायचा, डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचा, बांबू टेकायचा आणि उलट निघायचा. डोंगा आपला तिथंच, देवळातल्या नंदीसारखा.

पुढे एका उन्हाळ्यात काठावर पालथा पडून त्याची एका बाजूची फळी तडकली. तिथं आम्ही ठिगळ मारलं. फटीत कापूस कोंबला आणि वरून डांबर ओतलं, कारण आमच्याकडे कोणत्याही भोकाला पहिला उपाय कापूसच असतो. ठिगळ पाण्याच्या वर असलं तर बरं वागायचं. ओझ्यानं खाली दबलं की रडायला लागायचं, आणि एकदा रडायला लागलं की थांबायचं नाही. म्हणून भरलेल्या डोंग्यात पाट्या नेहमी दुसऱ्या अंगाला ठेवायच्या, म्हणजे डोंगा किंचित कलतो आणि ठिगळ वर राहतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अंगात मुरलं होतं, जसा भात कालवताना कोणत्या हातानं कालवायचा हे कोणी ठरवत नाही.

मग मला अंतर्गळ झाला. या दुखण्याचं एक वाईट असतं, ते चारचौघांत सांगता येत नाही, आणि मी तर चारचौघांत सगळंच सांगणारा. बांबू रेटता रेटता पोटाखाली गाठ आली, ती वाढत गेली. अमरावतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं की कापावं लागेल, आणि कापल्यावर पुढचे कित्येक महिने वजन उचलणं, रेटणं, ओढणं सगळं बंद. मी विचारलं, डोंगा? ते म्हणाले, डोंगा कशाला, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, या वर्षी पल्याडचं रान राहू दे. रान राहू देणं म्हणजे उभी वांगी, मिरच्या, दोडके आणि झेंडू सडू देणं, तेही महालक्ष्म्या तोंडावर असताना. वऱ्हाडात महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. त्या दिवसांत दारची भोपळ्याची पानंसुद्धा लोक मागून नेतात. भोई बोलवावा तर तो त्या दिवसांत माणसं पार करायच्या उतारावरून हलत नाही. मी तोंड लांब करून बसलो होतो. तेव्हा बायको तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणाली, "मी नेईन डोंगा."

गावात बाईनं डोंगा चालवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पारावर मला दोघा-तिघांनी विचारलं, की आता लुगडं तुम्ही नेसणार का? मी म्हटलं, नेसतो, पण नऊवारी आणून द्या. वर हसत होतो. पण तिला पोहता येत नव्हतं. आमच्या त्या पट्ट्यात बायकांना पोहायला कुठं मिळतं? विहिरी खाऱ्या, नदीवर फक्त धुणं. डोंग्यात ती शेकडो वेळा बसली होती, पण पाटीसारखी बसली होती. पाटी काही डोंगा हाकत नाही.

म्हणून मी ठरवलं की पुस्तक लिहायचं. कल्पना मला कापसाच्या जिनिंगमधून मिळाली. तिथं तेलावर चालणारं नवं इंजिन आलं होतं आणि त्याच्याबरोबर एक पुस्तक आलं होतं. चित्रं, बाण, हे करा, ते करू नका. मिस्त्री ते पुस्तक पोथीसारखं उघडायचा आणि इंजिन खरोखर चालू व्हायचं. मी सातवी पास, अक्षर वळणदार, आणि माझ्या डोंग्याला पुस्तक नसावं हे मला अपमानाचं वाटलं. दौत, टाक, फुलस्केप कागद घेऊन मी अल्याडच्या काठावर डोंग्यासमोर मांडी घालून बसलो, नदीकडे तोंड करून, आणि वर लिहिलं: भाग पहिला, यंत्राची ओळख.

बायको धुणं आपटत होती. तिनं विचारलं, "डोंग्याची कुंडली मांडून राहिले का?"

मी म्हटलं, कुंडलीच समज. हा कुठं जन्मला, याच्या अंगाला काय खोड आहे, कुणाशी याचं पटत नाही.

"मंग माह्यासंगं पटते का ते पाहा आधी."

मी लिहीत गेलो. ठिगळ डाव्या हाताला आहे. ओझं उजव्या हाताला ठेवावं. बांबू डाव्या बाजूनं टेकावा. पायाखाली पाणी दिसलं तर घाबरू नये, टोपल्यानं काढावं. मधेच उभं राहू नये. भोवरा दिसला तर त्याच्याकडे पाहू नये, पल्याडकडे पाहावं, कारण नजर जाईल तिकडे डोंगा जातो. शेवटचं वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पिळे झटकत म्हणाली, "हे बराबर लेयलं. बाकीचं का काहून ते काहीच नाही लेयलं तुमी." मी म्हटलं, इंजिनाच्या पुस्तकातही का ते लिहिलेलं नसतं, यंत्राला कारणं विचारायची नसतात.

तिला अक्षरं लावून वाचता यायचं, पण एका ओळीला भाकर करपेल इतका वेळ लागायचा. म्हणून मी वाचलं आणि तिनं ऐकलं. दोन-तीनदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याची घरघर सुरू झाली आणि मी अंथरुणात उठून बसलो, कारण माझं पुस्तक जात्यावर गायलं जात होतं:

ठिगळ डाव्या हाती, ओझं उजवीकडे,
बांबू ठेव डावा बाई, नदर पल्याडकडे.

माझ्या वळणदार फुलस्केपाच्या तिनं अशा चार-सहा ओव्या केल्या होत्या. टोपल्यानं पाणी काढायची ओवी तर इतकी चांगली जमली होती की शेजारणींनीही उचलली. मी दवाखान्यात जायला निघालो तोवर आमच्या आळीत ज्या बायकांना आयुष्यात डोंगा हाकायचा नव्हता त्याही दळता दळता डोंगा हाकत होत्या. माझा आनंद विचारू नका. छापखान्यात न जाता पुस्तकाची एवढी आवृत्ती खपलेला दुसरा लेखक वऱ्हाडात नसेल.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टाके दाखवले आणि नियम सांगितले. उठायचं नाही, खोकायचं नाही आणि हसायचं नाही. हसलं की पोटावर ताण येतो. मला फाशी दिली असती तरी चाललं असतं. शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीचा एक शेतकरी होता; सासुरवाडीला आला असताना बैलगाडीवरून पडून त्यानं पाय मोडून घेतला होता. पाय वर टांगलेला आणि तोंड मोकळं. त्याला वेळ जात नव्हता, मला गप्प बसवत नव्हतं. मी त्याला डोंग्याचं पुस्तक सांगायला घेतलं, आणि नुसतं सांगून माझं कधी भागत नाही, म्हणून करून दाखवायला घेतलं. चादरीची घडी ओढून नदी केली. सकाळचा पाव डोंगा झाला. त्याच्या डाव्या कुशीचा एक लचका तोडून मी ठिगळ केलं. उजव्या अंगाला औषधाची गोळी ठेवली, हे ओझं. आणि ओवी म्हणत म्हणत पाव पल्याड नेला.

पल्याड पोचल्यावर टाळी घ्यावी म्हणून मी थांबलो. मग तोच पाव, न वळवता, आपल्याकडे ओढून आणायला लागलो, जसा आम्ही नेहमी आणतो. पुढं होतं ते मागं, मागं होतं ते पुढं. मी मनानं डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, आणि पाहतो तर लचका माझ्या उजव्या हाताला.

ओवी म्हणते ओझं उजवीकडे. म्हणजे सगळं ओझं ठिगळावर.

मी पुस्तक लिहिलं ते अल्याडच्या काठावर बसून, पल्याडकडे तोंड करून. मी फक्त जातानाचं लिहिलं होतं. येतानाचं मला लिहावंसं वाटलंच नाही, कारण येताना माझं अंग आपोआप उलटं वागायचं. आणि भाजीच्या पाट्या तर येतानाच भरलेल्या असतात.

"काय झालं भाऊ, डोंगा बुडाला का?" बार्शीटाकळीवाल्यानं विचारलं.

त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी पाव खाली ठेवला. खिडकीबाहेर आभाळ काळं होऊन आलं होतं, आणि व्हरांड्यात कोणीतरी सांगत होतं की मेळघाटात रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही. मेळघाटात पडलेला पाऊस आमच्या दारात येतो. आणि दुसरा दिवस महालक्ष्म्यांच्या बाजारासाठी भाजी आणायचा होता. ती जाणारच होती.

निरोप कोणाबरोबर पाठवणार? आमच्या वाटेचा एकही माणूस त्या दवाखान्यात नव्हता. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमची बायको शहाणी असेल, पूर आला तर जाणार नाही. त्यांना आमच्या बायकोची ओळख नव्हती. सकाळी मी धोतर घट्ट कसलं, पोटावर उपरणं गुंडाळलं आणि बाहेर पडलो. अर्ध्या वाटेपर्यंत सर्व्हिस मोटार होती. तिच्या प्रत्येक गचक्याला टाके आपापली जागा सांगत होते. पुढे काळ्या मातीचा रस्ता लागला आणि मोटार रुतली. तिथून चाललो. ओल्या काळ्या मातीतून चालणं म्हणजे प्रत्येक पायाला एक एक भाकर थापत जाणं. एरवी यावर मी तासभर बोललो असतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त ती ओवी घोळत होती, आणि ती थांबवता येत नव्हती.

काठावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पूर्णा काठोकाठ होती. पाण्यावर कडब्याच्या पेंढ्या, फांद्या, कुणाच्या तरी कुडाचा तुकडा. काठावर आई उभी होती आणि आळीतल्या बायका. आईनं मला पाहून आधी ओळखलंच नाही, मग कपाळावर हात मारला. मी विचारलं, ती कुठं आहे?

"पल्याड. सकाळी पानी कमी होतं तवा गेली. येतेच आता."

मी आईला धाप टाकत सांगितलं की ओझं उलट्या अंगाला पडेल, ठिगळ दबेल. आई हसली. तिच्या तोंडावर सुनेचा असा अभिमान मी पूर्वी पाहिला नव्हता.

"अरे, तिले समजलं ते पयल्याच दिवशी. गान्यात ठिगळ डावं अन् डोंग्यात उजवं. मंग ते येतानी डोंगाच फिरवते. गाडीवानी. समदं गाव पाहाले येते."

आधी मला वाटलं होतं की मी माणसाला वाटावी तेवढी भीती वाटून घेतली आहे. ती काहीच नव्हती. शांत पाण्यात डोंगा फिरवला तर कौतुक आहे. पुरात तो फिरवताना मधे एक क्षण येतो की डोंगा धारेला आडवा होतो, आणि आडव्या डोंग्याला पूर उचलून पालथा घालतो. भोयाचं पोर हे आईच्या दुधाबरोबर शिकतं. आम्ही शेतकरी. आम्हाला गाडी माहीत. गाडी परत न्यायची तर वळवायचीच, बैलांना कोणी मागं चालवत नाही. तिनं जे केलं ते आमच्या घराण्यातल्या कुणालाही सुचलं असतं, आणि वडिलांना सुचलं नाही ते सुताराच्या कृपेनं.

पल्याड ती दिसली. पाट्या भरून झाल्या होत्या, वर झेंडूचा पिवळा ढीग. ती दोर सोडत होती.

माझा आवाज पंचक्रोशीत नावाजलेला. गावच्या दंडारीच्या खेळात मी बोललेलं शेवटच्या माणसाला ऐकू जातं. त्या दिवशी तो माझ्या स्वतःच्या कानापर्यंतही नीट आला नाही, पाण्याचा घोष असा होता. मग मी हात वर केले, आडवे केले, तशीच ये, वळवू नको, असं सगळ्या अंगानं सांगितलं. पोटात काहीतरी ताणलं गेलं तरी थांबलो नाही. काठावरच्या बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. ती बांबू टेकून धारेत आली आणि तिनं डोंगा वळवायला घेतला.

आडवा झाला. क्षणभर तो पाण्यावर दारासारखा उभा राहिल्यासारखा वाटला. एका अंगाच्या पाट्या घसरल्या. झेंडू पाण्यावर पसरला, त्यामागून वांगी, दोडके, आणि डोंगा खालच्या वळणाकडे निघाला. त्यात ती खाली बसलेली दिसली, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून. मग वळणावरच्या बाभळींनी सगळं झाकलं.

मी धावलो. किती धावलो ते सांगत नाही, कारण दर वेळी सांगताना अंतर वाढतं. वाटेत फुलं माझ्याबरोबर वाहत होती, कधी माझ्या पुढं, कधी मागं. एका ठिकाणी तिची रिकामी पाटी काठाला लागली होती. मी ती उचलली नाही. उचलली असती तर तिथंच बसलो असतो.

वळणापलीकडे पाण्यात बुडालेल्या बाभळींत डोंगा अडकला होता, अर्धा भरलेला. खालच्या गावच्या तीन-चार माणसांनी मोटेचा नाडा फेकला होता आणि तो कमरेला बांधून ती पाण्यातून येत होती. हात काट्यांनी फाटलेले. ती काठावर आली, चिखलात बसली, आणि पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी होता का ते? मले वाटलं कोनी येडा नाचून राह्यला."

त्या माणसांपैकी एकानं तिच्या अंगावर घोंगडी टाकली. तिनं ती खांद्यांवर ओढून घेतली.

"जातानीचं समदं सांगतलं तुमी," ती म्हणाली. "येतानीचं एक अक्षर नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तसा असता तर मी काहीतरी उत्तर जुळवलं असतं. मग तिची नजर माझ्या धोतराकडे गेली, तिथं लाल डाग पसरत होता, आणि मला गाडीत कसं घालायचं यावर तीच त्या माणसांना सूचना द्यायला लागली.

मला दुसऱ्यांदा टाके घातले. डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत. मी परत आलो तोवर डोंगा काठाला आणून दुरुस्त झाला होता आणि ती पुन्हा पल्याड जायला लागली होती. मी येतानाचा भाग लिहायला बसलो. या वेळी दोन्ही काठांवर बसून लिहीन म्हणालो. तिनं कागदावर हात ठेवला. "राहू द्या. येतानीचं माह्यं मी पाहीन."

जात्यावर ती ओवी त्यानंतर आमच्या घरात कोणी म्हटली नाही. हा सगळा प्रसंग मी लग्नांत, पंगतींत सांगतो; बार्शीटाकळीवाल्यापुढचा पाव सांगताना माणसं पोट धरून हसतात. झेंडूपर्यंत आलो की ती कुठंही असो, उठून आत जाते. म्हणून ती असेल तिथं मी पावाशी थांबतो.

माझं पोट केव्हाच बरं झालं. बांबू मात्र तिनं परत दिला नाही आणि मी मागितला नाही. गेल्या भादव्यात पाणी चढलेलं असताना मला पल्याड जायचं होतं. तिनं मला डोंग्याच्या मधोमध बसवलं. पाणी डोंग्याच्या काठाखाली चार बोटं होतं. परत येताना ती दुसऱ्या टोकाला गेली, बांबू टेकला. मी पाहत होतो की पाट्या कोणत्या अंगाला लावल्या आहेत, आणि काहीतरी बोलणार होतो.

"गप बसा," ती म्हणाली. "हालू नका."

मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. काठ लागेपर्यंत तसाच.